घरच्या शेडसाठी वेल्डिंग मशीन घेताय? आधी घरची लाइन मोजा

पेरणीच्या तोंडावर आमच्या गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर रांग लागते. कोणाच्या वखराची पास निघालेली, कोणाच्या पेरणी यंत्राचा दाता मोडलेला, कोणाच्या कोठ्याच्या फाटकाचा बिजागर तुटलेला. दुकानदार एकटा, त्यात लाइन कधी जाईल याचा नेम नाही. दोन वर्षं मी त्या रांगेत उभा राहिलो. तिसऱ्या वर्षी ठरवलं, एवढं काम आपण घरीच शिकून घ्यायचं. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. घरामागे टिनाचं शेड आहे, त्यात ट्रॅक्टर उभा राहतो. तिथेच एका कोपऱ्यात आता माझं वेल्डिंग चालतं.

पहिली मशीन मात्र चुकीची घेतली. खोक्यावर २५० अँपिअर असा मोठा आकडा होता, तेवढाच पाहिला. संध्याकाळी घरच्या लाइनवर लावली तर रॉड लोखंडाला चिकटून बसायचा. ठिणगी पडायची आणि विझायची. हात बसला नाही म्हणून असं होतंय, असं समजून मी आठ दिवस तुकड्यांवर रॉड घासत राहिलो. मग शेजारच्या मोटर वाइंडिंगवाल्या दादांनी मल्टिमीटर लावला. मशीन नुसती चालू असताना १८८ व्होल्ट, रॉड टेकवला की १६० च्या खाली. दादा म्हणाले, "हाताचा दोष नाही भाऊ, लाइनच डिम हाये." दीड महिन्यात त्या मशीनचं कार्ड, म्हणजे आतलं सर्किट, जळालं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं क्रमानं लिहितो आहे.

१. काय जोडायचं आहे, ते कागदावर लिहा

मशीन लोखंडाच्या जाडीवरून ठरते. म्हणून घरात फिरा आणि गेल्या वर्षभरात दुकानात काय काय नेलं ते लिहून काढा. आपल्याकडे ही यादी बहुतेक अशीच निघते: फाटकाचा चौकोनी पाइप, साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा, डवऱ्याची आणि वखराची पट्टी, ५ ते ६ मिलिमीटरची, शेडचा एंगल, आणि कधीमधी कल्टिव्हेटरचा फाळ, तो १० मिलिमीटर किंवा जास्त.

आता रॉड. दुकानात रॉड नंबरानं मागतात. बारा नंबर म्हणजे २.५ मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे ३.१५ आणि आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. नेहमीचा ६०१३ जातीचा बारा नंबरचा रॉड ६० ते ९० अँपिअरवर चालतो, दहा नंबरचा ९० ते १३० वर. चौकोनी पाइपाला बारा नंबर कमी करंटवर, म्हणजे साठच्या आसपास. पट्टीला आणि एंगलला दहा नंबर, ११० च्या आसपास. जाड फाळाला ग्राइंडरनं कड तासून खाच करायची आणि त्याच दहा नंबरनं एकावर एक दोन-तीन थर भरायचे.

म्हणजे घरच्या कामाला खरे १२० ते १३० अँपिअर मिळाले की झालं. आठ नंबरचा रॉड घरी लागत नाही. "दोनशेच्या खाली घेऊच नका" असं कोणी म्हणालं, तर त्याला तुमची यादी दाखवा.

२. लाइन मोजा, तीही संध्याकाळी

लेखातली हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि बहुतेक लोक हीच सोडून देतात.

चारपाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या. मोजता येत नसेल तर गावातल्या वायरमनला बोलवा, पण समोर उभं राहून आकडे लिहून घ्या. जिथे मशीन लावणार त्याच प्लगवर तीन वेळा मोजा: सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री आठ. रात्री आठला गावात पंखे, कूलर, गिरणी, टीव्ही सगळं एकदम चालू असतं. घरच्या पुरवठ्याचा नियमानं आकडा २३० व्होल्ट. २१० च्या वर मिळत असेल तर निश्चिंत. १८० ते २१० असेल तर कमी व्होल्टेजवर चालणारी मशीन बघावी लागेल. १८० च्या खाली जात असेल तर कितीही महागाची मशीन आणा, संध्याकाळी काम होणार नाही. तुमची वेळ सकाळची, असं आताच ठरवून टाका.

व्होल्टेज पडलं की मशीन तेवढीच ताकद काढायला लाइनमधून जास्त करंट ओढते. जास्त करंट वाहिला की वायरमध्ये व्होल्टेज आणखी पडतं. माझं कार्ड जळायला ही साखळीही कारण होती.

शेडपर्यंत आलेली वायरही बघा. आमच्याकडे मीटरपासून शेडपर्यंत ३० मीटर अंतर, आणि आधी तिथे एका बल्बसाठी ओढलेली १ चौरस मिलिमीटरची वायर होती. १८ अँपिअर ओढले की एवढ्या लांबीत त्या वायरमध्येच जवळपास २० व्होल्ट खर्ची पडतात. तिथेच ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर पाचच व्होल्ट. वायर बदलल्यावर माझी अर्धी अडचण मशीन न बदलताच सुटली.

वीजबिलावर "मंजूर भार" किती आहे तेही वाचा. खेड्यात बरीच घरं अर्धा किंवा एक किलोवॉटवर असतात. १०० अँपिअरवर रॉड चालवताना मशीन सुमारे तीन किलोवॉट ओढते. मीटरवर ५-३० असं छापलं असेल तर त्याची मर्यादा ३० अँपिअर आहे. भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे करता येतो. त्यासाठी चालू वीजबिल आणि ओळखपत्र हाताशी ठेवा.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. शेतातल्या मोटरच्या लाइनवर मशीन जोडू नका आणि तारेवर आकडा तर टाकूच नका. शेतीपंपाची वीज दुसऱ्या कामाला वापरली की वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दंडाचं बिल येतं, आणि आकड्याला कलम १३५ म्हणजे सरळ चोरी. तुम्ही घरी पैसे घेऊन लोकांची कामं करायला लागलात तर घरगुती मीटरलाही हेच १२६ लागू होतं. स्वतःच्या फाटकापुरतं काम असेल तर घरचं मीटर पुरेसं आहे.

३. मशीनचा प्रकार

इथे फार घोळ घालू नका. पहिली मशीन म्हणून सिंगल फेजची इन्व्हर्टर आर्क मशीन घ्या, म्हणजे रॉडवर चालणारी. वजनाला पाच-सात किलो, खांद्याला अडकवून कोठ्यापर्यंत नेता येते. बाजारात पाच ते दहा हजारांच्या दरम्यान चांगली मिळते.

दुकानात तांब्याच्या वाइंडिंगची जुनी ट्रान्सफॉर्मर मशीन दिसेल. ती दणकट असते, पिढी काढते. पण ती वजनदार, लाइन भरपूर ओढते आणि बरेच सेट दोन फेजवर चालतात. घरच्या मीटरचं ते काम नाही. सीओटू गॅसची मिग मशीन, म्हणजे रॉडऐवजी वायरवर चालणारी, पातळ पत्र्याला फार सुंदर, पण उघड्या शेडमध्ये वारा आला की गॅस उडून जोडात भोकं पडतात, आणि सिलिंडर भरायला शहर गाठावं लागतं. बिनगॅसच्या वायरची मिगही मिळते, तिची वायर महाग पडते आणि पावसाळ्यात गंजते. आर्क मशीनवर टिगची, म्हणजे आरगॉन गॅसमध्ये होणाऱ्या वेल्डिंगची, सोय आहे म्हणून कोणी हजार-दीड हजार जास्त मागत असेल तर देऊ नका. आरगॉनच्या सिलिंडरशिवाय ती सोय पडून राहते.

४. खोकं बाजूला ठेवा, पाटी वाचा

मशीनच्या मागे किंवा खाली एक छोटी पाटी असते. खोक्यावरचा आकडा विसरा आणि ही पाटी उजेडात धरा. तीन गोष्टी शोधा.

पहिली, ड्यूटी सायकल. "१६० अँपिअर, ६० टक्के" याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती. हा आकडा साधारण ४० अंश तापमानात मोजलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त तापतं. त्यामुळे उन्हाळ्यात मशीन पाटीपेक्षा लवकर तापते आणि पिवळा दिवा लावून थांबते. ते बिघडणं नाही, बचाव आहे. अशा वेळी बटण बंद करू नका, पंखा चालू राहू द्या.

दुसरी, कमीत कमी किती व्होल्टेजवर चालते. पाटीवर किंवा पुस्तिकेत "२३० व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के" असं काही असतं. म्हणजे १९५ पर्यंत. काही मशीन १६० पर्यंत चालतील असं लिहिलेलं असतं. संध्याकाळी मोजलेला आकडा आता इथे उपयोगी पडतो, फक्त रॉड टेकवल्यावर तो आणखी पडतो हे धरून चाला.

तिसरी, मशीन लाइनमधून जास्तीत जास्त किती करंट ओढते. पाटीवर हा आकडा आय-वन मॅक्स नावानं असतो. खोटा आकडा इथेच पकडता येतो. २०० अँपिअरवर आर्कचं व्होल्टेज सुमारे २८ धरतात. २०० गुणिले २८ म्हणजे ५६०० वॅट नुसते रॉडच्या टोकाला हवेत. काही वीज मशीनमध्येच उष्णता होऊन जाते, ती धरून २३० व्होल्टवर २८ अँपिअरपेक्षा जास्तच लाइनमधून यायला हवेत. आता पाटीवर आय-वन मॅक्स १८ लिहिलं असेल आणि सोबत साधा १६ अँपिअरचा प्लग असेल, तर ती मशीन २०० देणार कुठून? माझ्या पहिल्या मशीनवर तर पाटीच नव्हती, नुसता स्टिकर होता. पाटी नसलेली मशीन घेऊ नका.

हॉट स्टार्ट, आर्क फोर्स आणि अँटी-स्टिक ही तीन नावं मात्र कामाची आहेत. पहिल्यानं रॉड लवकर पेटतो, दुसऱ्यानं पेटलेला विझत नाही, तिसऱ्यानं चिकटलेला रॉड लाल होण्याआधी करंट कमी होतो. नवशिक्याला तिन्ही हवेत.

५. दुकानात जाताना

मशीन शक्यतो जिथे दुरुस्तीचं केंद्र आहे तिथल्या दुकानातून घ्या. वर्धा, अमरावती, नागपूर, यवतमाळ, जे जवळ पडेल ते. "कार्ड खराब झालं तर कुठे पाठवता आणि किती दिवस लागतात?" असं तोंडावर विचारा. उत्तर देताना दुकानदार अडखळला तर दुसरं दुकान बघा.

सोबत न्यायचं: ६ मिलिमीटर पट्टीचे दोन तुकडे आणि दहा नंबरचे चार रॉड. मशीन ११५ वर लावून दोन रॉड सलग संपवायला सांगा, मध्ये न थांबता. एक रॉड साधारण मिनिट-सव्वा मिनिट जातो. आवाज सारखा चरचरत राहिला पाहिजे, कढईत भजी तळल्यासारखा. मध्येच आवाज बसला किंवा करंट उतरला तर मशीन परत ठेवा. मग रॉड धरायच्या होल्डरची केबल हातात धरून बघा, ती गरम झाली असेल तर केबल बारीक आहे.

घेऊन यायचं: पक्कं बिल, त्यावर मशीनचा सीरियल नंबर लिहिलेला, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, पुस्तिका. कच्च्या चिठ्ठीवर दोनशे-पाचशे वाचतात खरे, पण कार्ड जळालं की त्या चिठ्ठीला कोणी विचारत नाही. माझ्याकडे चिठ्ठीच होती.

६. वायरिंग आणि अर्थिंग

मशीनसाठी मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन ओढा: ४ चौरस मिलिमीटर तांबं, ३२ अँपिअरची दोन पोलची एमसीबी आणि त्याच क्षमतेचा औद्योगिक प्लग-सॉकेट. एक्स्टेंशन बोर्ड गुंडाळलेला ठेवून वापरू नका, आतली वायर तापून वितळते.

अर्थिंगचं आपल्याकडे एक वेगळंच आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडून सुकते. जानेवारीत चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात मातीपासून सुटलेलं असतं. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी टाका. आणि मशीनसोबत येणारा अर्थ क्लॅम्प म्हणजे हे अर्थिंग नव्हे. तो कामाच्या लोखंडाला लावायचा, दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

ट्रॅक्टरवर काम करत असाल तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, उणे बाजूची आधी. क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून फिरतो आणि बेअरिंग आतून खराब होतं.

७. मशीनइतकंच गरजेचं सामान

पैसे मोजून ठेवताना मशीनवरच सगळे संपवू नका. हे लागणारच:

- आपोआप काळं होणारं हेल्मेट, काचेचा काळेपणा, म्हणजे शेड नंबर, ९ ते १३ बदलता येणारं. आपल्या कामाला १० किंवा ११.
- कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे आणि बंद बूट.
- पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. टेरिकॉट नको, ठिणगीनं वितळून अंगाला चिकटतो.
- चार इंची ग्राइंडर, गार्डसकट, आणि ग्राइंडरसाठी वेगळा साधा चष्मा.
- चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश, गुण्या, दोन सी-क्लॅम्प.

रॉड ठेवायला स्प्रिंकलरच्या पीव्हीसी पाइपाचा दीड फुटी तुकडा घ्या आणि दोन्ही बाजूंना टोपण बसवा. ओल धरलेला रॉड फुटफुटतो आणि त्याचं आवरण गळतं. ६०१३ रॉड १०० अंशांच्या आसपास तासभर शेकला की पुन्हा चालतो. ७०१८ जातीच्या रॉडला मात्र अडीचशे-तीनशे अंश लागतात, त्याच्या वाट्याला घरी जाऊ नका.

८. जागा: कापूस, कुटार आणि लेकरं

दिवाळीनंतर आपल्या घरांत काय असतं, ते वेगळं सांगायला नको. भाव येईल म्हणून खोलीभर कापूस, अंगणात तुरीचं आणि सोयाबीनचं कुटार, कुंपणाला लावलेली पऱ्हाटी. वेल्डिंगची आणि ग्राइंडरची ठिणगी दहा मीटरपर्यंत उडते. कापसात पडलेली ठिणगी लगेच पेट घेत नाही. ती आत आत धुमसत जाते आणि दोन तासांनी धूर दिसतो. घरात कापूस असेल तेवढे दिवस त्या भिंतीला लागून काम करूच नका, मशीन उचलून मोकळ्या जागेत न्या. काम संपल्यावर अर्धा-पाऊण तास तिथेच थांबा आणि दोन तासांनी पुन्हा एकदा बघून या. पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं जवळ हवं. पाणी आगीसाठी आहे, मशीनवर टाकायचं नाही.

डिझेलची टाकी, पेट्रोलचा डबा, ऑइलचा रिकामा ड्रम यांना वेल्डिंग कधीही करू नका. रिकाम्या ड्रमात वाफ उरलेली असते आणि तो बॉम्बसारखा फुटतो.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप किंवा पत्रा जोडायचा असेल तर आधी जोडाच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच जस्त ग्राइंडरनं काढा, आणि तरीही उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूनं उभं राहून काम करा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायल्यानं तो उतरत नाही.

लेकरांना वेल्डिंग पाहायची हौस फार. आमच्याकडे पाच मिनिटांत सहा जणं गोळा होतात. त्या उजेडाचं दिवसा काही वाटत नाही, पण मध्यरात्री डोळ्यात रेती भरल्यासारखं होऊन लेकरू रडत उठतं. शेडच्या उघड्या बाजूला टिनाचा पत्रा आडवा लावा. आणि असं झालंच तर बटाट्याचे काप, कच्चं दूध डोळ्यात काही घालू नका, सकाळी डॉक्टरांकडे न्या.

मशीनही झाकून ठेवा. उबेला पाल आत शिरते आणि कार्डावर चिकटून शॉर्ट करते. माझ्या दुसऱ्या मशीनच्या जाळीतून एकदा मेलेली पाल काढली, सुदैवानं प्लग काढलेला होता. ग्राइंडरचा लोखंडी बुरा पंखा आत ओढतो, म्हणून ग्राइंडिंग मशीनपासून लांब करा आणि दोन महिन्यांतून एकदा पंक्चरवाल्याकडची हवा मारून घ्या.

९. पहिला महिना

पहिले पन्नास रॉड नुसत्या भंगार पट्टीवर सरळ रेषा ओढण्यात घालवा. रॉड चालण्याच्या दिशेनं थोडा कलता ठेवा, आणि रॉडच्या जाडीएवढंच अंतर लोखंडापासून राखा. उजेडाकडे बघू नका, त्यामागे साचणाऱ्या वितळलेल्या रसाकडे बघा. होल्डर अधिकच्या बाजूला लावा. पातळ पाइपाला भोक पडत असेल तर उण्याच्या बाजूला बदलून बघा, फरक दिसेल. तालुक्याच्या आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड असेल तर तिथल्या निदेशकांना जाऊन भेटा आणि आपला जोड दाखवा. मला त्यांच्या दहा मिनिटांत जे कळलं ते महिनाभर एकट्यानं कळलं नव्हतं.

मग दोन पट्ट्या जोडा, वाइसमध्ये धरा आणि हातोडीनं वाकवा. जोड उघडला तर आत बघा, काळं स्लॅग, म्हणजे रॉडच्या आवरणाची मळी, अडकलेलं दिसेल किंवा एका बाजूला रस लागलाच नसेल. पट्टी वाकली आणि जोड तसाच राहिला की फाटक करायला घ्या, मग कोंबड्यांचा खुराडा, मग वखराची पास.

ट्रॉलीचा हूक, जॅकखालचा स्टँड, विहिरीवरचा गाडा, ज्याच्याखाली किंवा ज्याच्यामागे माणूस असतो असं काही निदान पहिलं वर्ष करू नका. मी अजूनही ट्रॉलीचा हूक गावातल्या त्या दुकानातच नेतो आणि रांगेत उभा राहतो.